आराखडा ठरतो तेव्हा आम्ही उसाच्या फडात

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. ‘आमचा गाव आमचा विकास’चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या कामांचा, आराखडा 2 ऑक्टोबरनंतर सुरू होतो, जानेवारीपर्यंत मंजूर. दिवाळी झाली की अर्धा तांडा कोयता घेऊन कारखान्याला. गुढीपाडव्याला परत येऊन बघावं तर यादीत गावठाणातले पेव्हर ब्लॉक, तांड्याचं पाणी कुठंच नाही. महिला सभा मात्र कागदावर झालेली! करायचं काय?

निवृत्त ग्रामसेवक : ताई, ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. नाही भरली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सगळी गंमत तिथं होते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला तुम्ही गावात असता ना? तेव्हाच लेखी मागणी द्या, पोच घ्या, इतिवृत्तात ठराव आला का ते स्वतः वाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) केंद्राच्या पैशात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पेव्हर ब्लॉक त्यात बसत नव्हते, मग पाण्याचं काम कुठं, हे सभेत मोठ्यानं विचारा.

बचत गटातली : आमच्याकडे नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर, सासूबाईंकडे बटणाचा फोन. सभा ऐन खुरपणीच्या वेळी. तोंड उघडलं की, “वहिनी, दादांना पाठवा.”

प्रश्नकर्ती : पोच देतील का पण? मागं अर्ज नेला तर शिक्काच सापडेना.

निवृत्त ग्रामसेवक : शिक्का नेहमीच हरवतो. स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना.