मदत हवी आहे: शत्रूशी तात्पुरती दोस्ती करणाऱ्याला मराठीत काय म्हणतात?

किनाराकर: तातडीने शब्द हवाय. फलक रंगवायला गेलाय, रंगाऱ्याने एक ओळ कोरी ठेवलीय आणि सकाळपासून त्याचे दोन फोन आले. मी ‘मित्र’ लिहिलं होतं, तर आळीतले अण्णा भडकले, “मित्र कसले ते?” ‘भागीदार’ म्हटलं की दुकानाची पाटी वाटते, ‘साथीदार’ म्हटलं की चोरीची बातमी. पटकन सुचवा.

निवांत: कोण कोणाचे मित्र? कसला फलक?

किनाराकर: सुवर्णदुर्गाच्या माहितीचा, हर्णै बंदरात लावायचाय. १७५५ चा भाग. अजून काय सांगू?

दापोलीची काकू: साल सांगितलंस, माणसं राहिली. किल्ला तेव्हा ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज, तेच ना?

किनाराकर: हो काकू, तेच.

सडेतोड: मग सरळ ‘युती’ लिहा.

निवांत: नको. युती, आघाडी वाचलं की लोकांना निवडणूकच आठवते. ‘दोस्त’ चालेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि रशिया दोघांनाही आपण ‘दोस्त राष्ट्रे’च म्हणतो.

मालवणचो झील: आमच्याकडे रापण ओढूक जो येता तेका वाटो गावता. तो वाटेकरी. मैत्री आसा काय नाय, कोण इचारीत नाय. ‘वाटेकरी’च लिवा.

सडेतोड: रापणीत मासळी वाटतात, इथे किल्ला होता. त्यापेक्षा ‘साटेलोटे’ बरं.

दापोलीची काकू: अरे, साटेलोटे म्हणजे मुळात दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेणं. आता त्याला लबाडीचा वास लागलाय. सरकारी फलकावर तो शब्द नको.

किनाराकर: फलक सरकारी नाही, गावाचा आहे.

भटक्या: सुवर्णदुर्ग आता जागतिक वारसा यादीत आहे ना? हर्णैहून होडी किती वाजता सुटते?

निवांत: वाटेकरी अगदीच चुकीचं नाही हं. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजी आरमाराचा प्रमुख जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला, तो पेशव्यांना मिळाला. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तो इंग्रजांनी लगेच सोडला नाही. वाट्यावरूनच बिनसलं.

दापोलीची काकू: किनाराकर, तू नाव शोधत बसलायस म्हणून अडलंय. ते कोण होते हे सांगूच नको, काय केलं ते सांग. ‘पेशव्यांनी इंग्रजी आरमाराची कुमक घेतली.’ कुमक शत्रूचीही घेता येते, त्यासाठी मैत्री लागत नाही.

सडेतोड: कुमक म्हणजे मागून आलेली भर. इथे तर तोफांचा मारा जेम्सच्या जहाजांनीच केला. इंग्रज दुय्यम कसे?

दापोलीची काकू: मग आधी ‘करार करून’ जोड. दोघेही बरोबरीने उभे राहतात.

किनाराकर: ‘तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार करून त्यांच्या आरमाराची कुमक घेतली.’ अण्णांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, “हां, आता लाव.” रंगाऱ्याला पाठवलंय. काकू, फार उपकार झाले.

भटक्या: होडीचं कोणी सांगेल का?