शब्दचर्चा : ‘विकत घ्या’, ‘परवाना’ आणि ‘स्वामित्वहक्क’

प्रश्न

ई-पुस्तके आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका संकेतस्थळाचा मराठी मजकूर ठरवायचा आहे. मसुद्यात बटणावरच्या ‘बाय’साठी ‘विकत घ्या’, करारातल्या ‘लायसन्स’साठी ‘परवाना’ आणि ‘कॉपीराइट’साठी ‘स्वामित्वहक्क’ असे शब्द आहेत. सुटे पाहिले तर तिन्ही ठीक वाटतात. पण बटण म्हणते ‘विकत घ्या’ आणि करार म्हणतो ‘या पुस्तकाचे स्वामित्व आमच्याकडेच राहील, तुम्हाला फक्त परवाना मिळेल, तो आम्ही केव्हाही रद्द करू शकतो’. मराठीत ही दोन वाक्ये एकमेकांना खोडतात. मूळ इंग्रजीतही खोडतात, की भाषांतरात काही चुकते आहे?

प्रतिसाद १

मुळातच खोडतात. इतकी, की कॅलिफोर्नियाने त्या एका क्रियापदावर कायदा केला. एबी २४२६ हा कायदा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. ‘बाय’, ‘पर्चेस’ किंवा बिनशर्त मालकी मिळते असे सामान्य माणसाला वाटेल असा कोणताही शब्द डिजिटल मालासाठी वापरायचा असेल, तर विक्रेत्याला दोनपैकी एक गोष्ट करावी लागते. एक तर ‘मला परवाना मिळतो आहे आणि तो काढून घेतला जाऊ शकतो’ अशी ग्राहकाकडून वेगळी कबुली घ्यायची. नाहीतर पैसे भरण्याआधी तेच साध्या भाषेत, ठळक सांगायचे आणि अटींचा दुवा द्यायचा. वर्गणीच्या सेवांना आणि एकदा उतरवून कायम ऑफलाइन वापरता येणाऱ्या मालाला हा नियम लागू नाही. स्टीम या गेमच्या दुकानाने ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ दाखवायला सुरुवात केली.

यामागे खरे प्रसंग आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून दुरून पुसली. ती दुकानात टाकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण पुस्तक हातातून गेले ते गेलेच. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निकामी झाली. म्हणजे खोक्यात वस्तू मिळाली म्हणून ‘विकत घेतली’ असे धरून चालत नाही. ती चालायला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागते का, हे आधी पाहावे.

प्रतिसाद २

मराठीत ‘विकत घेणे’ या शब्दात काय काय गृहीत असते ते मांडून पाहू. विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याला देता येते, पुन्हा विकता येते, गहाण ठेवता येते, मागे मुलांना जाते. ‘खरेदी करा’ लिहिले तर अर्थ सौम्य होईल असे कोणाला वाटेल, पण उलट तो आणखी घट्ट होतो. ‘खरेदीखत’ या शब्दामुळे ‘खरेदी’ म्हटले की मालकी फिरली, हा अर्थ मराठी माणसाच्या मनात पक्का बसला आहे.

छापील पुस्तकाच्या बाबतीत कायदाही हेच मानतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये प्रती लोकांत आणण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाला दिला आहे, पण ‘आधीच वितरणात असलेल्या प्रती’ त्यातून वगळल्या आहेत. अप्पा बळवंत चौकातली जुनी पाठ्यपुस्तके आणि फोर्टच्या फुटपाथवरची इंग्रजी कादंबऱ्या याच वगळण्यावर उभ्या आहेत. अमेरिकेत हे तत्त्व १९०८ मध्ये ठरले. बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकले तर हक्काचा भंग समजू. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, पहिली विक्री झाल्यावर त्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा संपला.

डाउनलोडच्या बाबतीत मात्र न्यायालयांची वाट फाटते. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलविरुद्धच्या खटल्यात ठरवले की बेमुदत वापरासाठी एकरकमी पैसे घेऊन उतरवू दिलेले सॉफ्टवेअर पुढे विकता येते, फक्त विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करायची. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना तीच मुभा नाकारली. अमेरिकेत २०१८ मध्ये अपील न्यायालयाने वापरलेली संगीत-फाइल पुढे विकण्याला मनाई केली, कारण ती विकताना नवी प्रत तयार होते. त्यामुळे ई-पुस्तकासाठी नुसते ‘विकत घ्या’ लिहिणे म्हणजे जे मिळत नाही ते मिळते असे सांगणे.

प्रतिसाद ३

‘परवाना’बद्दल. मराठीत परवाना देते ते सरकार. बंदुकीचा परवाना, दारूचा परवाना, वाहन चालवण्याचा परवाना. न पाळला तर दंड होईल, हे त्या शब्दातच ऐकू येते. एखादी खाजगी कंपनी ‘परवाना’ देते म्हटले की तिला विनाकारण सरकारी अधिकाराची झूल चढते.

पण महाराष्ट्रातल्या शहरी वाचकाला खाजगी लायसन्स म्हणजे काय हे नीट ठाऊक आहे. मुंबई-पुण्यातला अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार डोळ्यांसमोर आणा. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चे कलम ५२ सांगते की जागेत हिस्सा न देता, एरवी बेकायदा ठरेल असे काही त्या जागेत करू देणे म्हणजे लायसन्स. भाडेकरार आणि लायसन्स यांतला फरक नेमका तोच आहे: भाडेकरूचा जागेत हक्क तयार होतो, लायसन्सधारकाचा होत नाही. ई-पुस्तकाची स्थिती याच दुसऱ्या माणसासारखी आहे. म्हणून ‘वापरण्याची मुभा’ हा शब्द मला जास्त खरा वाटतो.

प्रतिसाद ४

मग ‘वहिवाट’ का नको? अस्सल मराठी शब्द आहे, शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना कळतो. मालकी दुसऱ्याची, वापर आपला, हा अर्थ त्यात पुरेपूर आहे.

प्रतिसाद ५

शब्द सुंदर आहे, पण इथे तो वाचकाला फसवेल. वहिवाट मालकाच्या मर्जीवर नसते. वीस वर्षे उघडपणे, शांतपणे आणि अखंड वापर झाला तर त्याच १८८२ च्या कायद्याचे कलम १५ वाटेचा हक्क पक्का करते आणि मग मालक ती वाट बंद करू शकत नाही. लायसन्स कलम ६० प्रमाणे सर्वसाधारणपणे काढून घेता येते. ‘वहिवाट’ लिहिले तर करारात नसलेला हक्क आपण शब्दाने देऊन बसतो.

पण हाच कायदा पुढे वाचण्यासारखा आहे. कलम ६३ : लायसन्स काढून घेतले तर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळाली पाहिजे. कलम ६४ : पैसे घेऊन लायसन्स दिले आणि धारकाची चूक नसताना त्याला मधेच बाहेर काढले, तर देणाऱ्याने भरपाई द्यायची. हे नियम जमीन-इमारतींपुरते आहेत, खात्यातल्या पुस्तकाला ते आपोआप लागू होत नाहीत. पण १८८२ मध्ये खोलीत राहणाऱ्याला दिलेले संरक्षण आज खात्यात दोनशे पुस्तके ठेवणाऱ्याला करारात मिळत नसेल, तर त्या ‘मुभा’ शब्दापुढे काय नाही हेही सांगायला हवे : मुदत नाही, भरपाई नाही.

प्रतिसाद ६

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या शब्दाने घातला आहे. ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द वर्तमानपत्रे कॉपीराइटला वापरतात, पेटंटलाही वापरतात, आणि रॉयल्टीला ‘स्वामित्वधन’ म्हणतात. स्वामित्व म्हणजे मालकी. त्यामुळे ‘स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे’ असे वाचले की हातातली प्रतही प्रकाशकाची, असा समज होतो. कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत : कृती आणि प्रत. कृतीच्या प्रती काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा आणि विकत घेतलेल्या प्रतीची मालकी वाचकाची. ‘प्रताधिकार’ हा शब्द हा भेद स्वतःच सांगतो, प्रत काढण्याचा अधिकार, बाकी काही नाही. तो जड वाटत असेल तर सरळ ‘कॉपीराइट’ लिहावे, पण ‘स्वामित्वहक्क’ नको.

पेटंटला ‘एकस्व’ हा चांगला शब्द आहे, तरी चालतो तो ‘पेटंट’च. तो बोलीतही शिरला आहे, ‘त्याचे पेटंट उत्तर’ आपण म्हणतोच. तिथे पेटंट म्हणजे ‘नेहमीचे, ठरलेले’ आणि कायद्यात त्याच्या अगदी उलट, नवे असेल तरच पेटंट. हळदीच्या प्रकरणात याच नवेपणावर बोट ठेवले गेले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या संस्कृत व इतर ग्रंथांतले पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या बातम्यांत ‘हळदीचे स्वामित्व’ असे लिहिले गेले की अमेरिकेने हळदच नेली असे वाटे. खरा वाद एका उपयोगाच्या एकस्वाचा होता.

प्रतिसाद ७

‘करारात लायसन्स लिहिले म्हणजे लायसन्स झाले’ असेही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात हेच तपासले. प्रश्न आयकराचा होता : परदेशी कंपनीच्या तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे रॉयल्टी आहेत का? न्यायालय म्हणाले, नाही. अंतिम वापरकर्त्याला कॉपीराइटमधला कोणताही हक्क मिळत नाही, त्यामुळे करारातले हे ‘लायसन्स’ कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० मधले लायसन्स नव्हे. ती सॉफ्टवेअरयुक्त वस्तूची विक्री आहे. २००४ च्या टीसीएस निकालात डिस्कवरचे तयार सॉफ्टवेअर ‘माल’ ठरले होते, त्याचाच हा पुढचा टप्पा. म्हणून मराठीत दोन शब्द हवेत. प्रकाशक दुसऱ्या प्रकाशकाला छपाईचा हक्क देतो तो ‘प्रताधिकार-परवाना’ आणि ग्राहकाला मिळते ती ‘वापराची मुभा’.

एक साधी खूण : बिलावरचा जीएसटी कोड पाहा. ९९ ने सुरू होत असेल तर विक्रेत्याने तो व्यवहार ‘सेवा’ म्हणून दाखवला आहे. डिस्कवरचे सॉफ्टवेअर माल म्हणून दाखवले तर ८५२३ असते. वाद निघाला तर विक्रेता स्वतः काय म्हणत होता याचा तो कागद असतो. डिजिटल बिल आणि त्या दिवशीच्या अटींचे पान, दोन्ही पीडीएफ करून ठेवावे, कारण अटी बदलतात आणि जुन्या अटी संकेतस्थळावर सापडत नाहीत.

प्रतिसाद ८

याच मसुद्यात, प्रत काढू न देणाऱ्या डिजिटल कुलपाबद्दल, ‘कुलूप तोडणे’ असा शब्दप्रयोग येण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सांगतो. ‘तोडणे’ किंवा ‘फोडणे’ म्हटले की चोरी आलीच. मूळ इंग्रजी क्रियापद ‘सर्कमव्हेंट’, त्याचा अर्थ वळसा घालणे. ‘बगल देणे’ जवळचे आहे, पण ‘नियमाला बगल’मुळे त्यालाही लबाडीचा वास येतो. ‘कुलपाला वळसा घालणे’ ठीक.

हा शब्दच्छल नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने वळसा घातला तरच दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यात असा हेतू लागत नाही, म्हणून तिथे दर तीन वर्षांनी सवलतींची यादी काढावी लागते. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे सॉफ्टवेअर कायदेशीरपणे बाळगणारा हानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढू शकतो, आणि एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळावा यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, शोधू शकतो. अशा माणसाला मराठी मजकुरात ‘चाचेगिरी’ हा शब्द लावू नये. आणि ‘हक्कभंग’ एकटा लिहिला की विधानसभेतला प्रस्ताव आठवतो, म्हणून ‘प्रताधिकारभंग’.

प्रतिसाद ९

थोडे अवांतर, पण याच घरातले. दुरुस्तीच्या बाजारात कंपनीचा नसलेला प्रत्येक सुटा भाग ‘डुप्लिकेट’ म्हटला जातो. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. दुसऱ्याचे नाव-चिन्ह छापलेला खोटा भाग म्हणजे ‘बनावट’, तो गुन्हा. स्वतःच्या नावाने बनवलेला, पण अमुक मॉडेलला बसणारा भाग म्हणजे ‘जुळणारा भाग’, तो पूर्ण कायदेशीर. ‘अमुक फोनला बसेल’ असे खोक्यावर लिहिण्याची मुभा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ३०(२)(ड) मध्ये आहे, मात्र ते सांगण्यापुरतेच नाव वापरायचे, भाग त्याच कंपनीचा आहे असे भासवायचे नाही. हा गोंधळ कोणाच्या फायद्याचा आहे ते भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात दिसते. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड झाला. कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली होती, आयोगाने ती मानली नाही.

प्रश्नकर्ता

मग बटणावर ‘वाचण्याची मुभा घ्या – ₹…’ आणि खाली ‘ही विक्री नाही. ही मुभा दुसऱ्याला देता येत नाही’ असे केले तर? आणि ‘केव्हाही रद्द’चे काय? तिथे ‘आवश्यकतेनुसार रद्द’ असा बदल सुचवला गेला आहे.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

बटण उत्तम. ‘अहस्तांतरणीय’ टाळलेत हेही बरे.

‘आवश्यकतेनुसार’ मात्र अजिबात नको. मूळ इंग्रजीत ‘सोल डिस्क्रिशन’ आहे, म्हणजे कारण द्यायचे बंधन नाही. ‘आवश्यकतेनुसार’मध्ये काहीतरी कारण असेल असे वचन दडलेले आहे, जे करार देत नाही. हा फरक तक्रारीत उपयोगी पडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करारा’ची जी लक्षणे आहेत त्यात वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा हे एक आहे. अशा कलमाविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. जिल्ह्यात दाखल केली की अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच परत येते, आणि दोन वर्षांची मुदत तोवर सरत असते. वाचकाला कलम खटकायला हवे असेल तर ते त्याला दिसले पाहिजे. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे : ‘आमच्या मर्जीनुसार रद्द’.