मदत हवी आहे: दोन कॅमेऱ्यांतला तोच माणूस ओळखायचाय, पण सगळेच पांढऱ्या कपड्यांत

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीतले एक आजोबा चुकले. पाण्याच्या टँकरवर तांब्या भरायला गेले आणि परतताना दुसऱ्याच दिंडीच्या तंबूत जाऊन बसले. गळ्यातलं ओळखपत्र पिशवीत आणि पिशवी ट्रकमध्ये. पाच तास त्यांच्या सूनबाई तंबू-तंबूत डोकावत, मोबाइलवरचा त्यांचा सकाळचा फोटो दाखवत फिरत होत्या. तो फोटो घेऊन कॅमेऱ्याच्या चित्रणात त्यांना शोधता आलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून या चैत्रात गावातच चाचणी घेतली. दिंडीतल्या ४० जणांना विचारून, वारीच्याच वेषात. एक मोबाइल देवळासमोर, दुसरा पाण्याच्या टाकीपाशी. सकाळी इथून चालवलं, संध्याकाळी तिथून. योलोने (चित्रातली माणसं शोधणाऱ्या मॉडेलने) माणसं कापून घेतली आणि टॉर्चरीड या लायब्ररीतलं, मार्केट-१५०१ या फोटोंच्या संग्रहावर शिकलेलं ओएसनेट मॉडेल लावलं; वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतला तोच माणूस ओळखणं हेच त्याचं काम. प्रत्येक क्रॉपमागे (कापलेल्या चित्रामागे) ५१२ आकडे मिळतात, त्यांचं कोसाइन अंतर (जितकं कमी, तितकी चित्रं सारखी) काढून सर्वांत जवळचा आधी अशी यादी लावली.

बायकांच्या बाबतीत १८ पैकी १५ जणी पहिल्या क्रमांकावर बरोबर सापडल्या. नऊवारीचा रंग, काठ, डोक्यावरचं तुळशीवृंदावन, सगळं मॉडेलच्या कामी येतं. पुरुष मात्र २२ पैकी फक्त ६. धोतर, बंडी, टोपी, सगळं पांढरं. त्याच आजोबांचा सकाळचा फोटो दिला तर पहिला कोण यावा? खांद्यावर भगवी पताका घेतलेला विशीतला मुलगा! आजोबांच्या काखेत केशरी पिशवी होती, मॉडेलने तेवढीच धरली. आजोबा स्वतः सतराव्या क्रमांकावर.

कारण थोडंफार कळतंय. मार्केट-१५०१ म्हणजे बीजिंगच्या त्सिंगुआ विद्यापीठात एका सुपरमार्केटसमोर सहा कॅमेऱ्यांनी टिपलेली १५०१ माणसं. तिथे कपड्यांच्या रंगावर बरंचसं भागतं. आमच्याकडे रंगच नाही. शिवाय संध्याकाळी हॅलोजनखाली पांढरं पिवळट दिसतं ते वेगळंच.

मग मॉडेलला कपडे सोडून माणसाकडे बघायला कसं शिकवायचं? ४० जणांवर फाइन-ट्यून करणं, म्हणजे तयार मॉडेलला त्यांच्या चित्रांवर आणखी शिकवणं, शहाणपणाचं आहे का? चेहरा ओळखणारं मॉडेल लावून पाहिलं, पण बहुतेक जण पाठमोरे किंवा खाली बघत चालतात.

एक आधीच सांगते. न विचारता कोणाचं चित्रण करणार नाही आणि मुक्काम हलला की सगळं पुसून टाकणार. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात टिपलेल्या माणसांचा डेटासेट २०१९ मध्ये का मागे घ्यावा लागला ते वाचलंय.

प्रतिसाद १

ताई, आधी डोकं-खांद्याचा वेगळा क्रॉप घ्या. ओएसनेटला तुम्ही २५६ बाय १२८ चं चित्र देता, त्यात डोक्याच्या वाट्याला जेमतेम ३५ पिक्सेल येतात. टोपीखालचे केस, कान, मानेचा बाक, सगळं तिथेच पुसलं जातं. मूळ फ्रेममधूनच वरचा तिसरा हिस्सा कापा, मोठा करून वेगळा चालवा आणि दोन्ही अंतरं एकत्र करा. काळ्या कपड्यांतल्या माणसांसाठी २०२० मध्ये नेमका हाच मार्ग मांडला गेला होता. पांढऱ्याची अडचण तीच.

४० जणांवर पूर्ण मॉडेल शिकवू नका, ते चेहरेपट्ट्या पाठ करील. मॉडेलचे सुरुवातीचे थर गोठवून (आहेत तसेच ठेवून) फक्त शेवटचे शिकवा. ट्रिपलेट लॉस (त्याच माणसाची चित्रं जवळ आणि दुसऱ्याची लांब ठेवायला शिकवणारी पद्धत) वापरणार असाल तर बॅचमध्ये, म्हणजे एका वेळी दाखवायच्या चित्रांच्या गटात, मुद्दाम सगळे पांढऱ्या कपड्यांतलेच घ्या, ८ माणसं, प्रत्येकी ४ चित्रं. समोर नऊवारी असली की मॉडेलला कष्टच पडत नाहीत, रंग बघून मोकळं होतं. आणि तपासणीसाठी दहा जण पूर्ण बाजूला ठेवा.

एकाच फ्रेमवर विसंबू नका. माणूस कॅमेऱ्यासमोरून जाताना पंधरा-वीस फ्रेम मिळतात, त्यांच्या आकड्यांची सरासरी घ्या. पिशवी एखाद्या फ्रेममध्ये तरी आड जाते.

पहिला क्रमांकच बरोबर हवा हा हट्ट मात्र सोडा. पहिले दहा फोटो सूनबाईंच्या हातात द्या. त्या क्षणात ओळखतील.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. अजून काही शिकवलं नाही, फक्त डोकं-खांद्याचा क्रॉप आणि फ्रेमची सरासरी एवढंच केलं. २२ पैकी ११ पुरुष पहिल्या क्रमांकावर, १८ पहिल्या दहात. आजोबा चौथे आले! सूनबाईंना यादी दाखवली तर त्यांनी अंगाच्या ठेवणीवरूनच बोट ठेवलं, "हे बघा, डावा खांदा उतरलेला."

आता पुढची अडचण. दिवे घाटात पाऊस आला की सगळे डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात, डोकं-खांदेच झाकले जातात. तेव्हा फक्त चालीवर काम भागेल का? दोन मोबाइलच्या चित्रणातून चाल ओळखायचा कोणाला अनुभव आहे का? काही क्लिप आहेत, त्यातल्या माणसांना विचारून इथे देऊ शकेन.