मदत हवी आहे: लांब केसांचा ससा, मागची बाजू सारखी घाण होते आणि जटा झाल्यात

नमस्कार मंडळी, कुणी ससे पाळले असतील तर प्लीज वाचा, मला एक-दोन दिवसांत काहीतरी करायलाच हवंय.

आमच्याकडे फेब्रुवारीपासून एक ससा आहे. अंगोरा आहे असं विकणाऱ्याने सांगितलं, पांढरा शुभ्र, कानांच्या टोकांनासुद्धा केसांचे झुबके आहेत. आणला तेव्हा मुठीएवढा होता आणि पिंजलेल्या कापसासारखा दिसायचा म्हणून लेकीने नाव ठेवलं पिंजू. आता चांगला मोठा झालाय. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आधी बाल्कनीत असायचा पण पाऊस आत येतो म्हणून जूनपासून पिंजरा हॉलमध्ये घेतलाय.

प्रॉब्लेम असा की गेला महिनाभर त्याची मागची बाजू सतत घाण असते. एरवी लेंड्या सुक्या, गोल असतात ना, त्या पण असतातच, पण त्याबरोबर काळपट चिकट असं काहीतरी येतं, त्याला उग्र वास असतो आणि ते शेपटीखालच्या केसांत अडकून वाळतं, मग त्यावर शू लागते आणि सगळं पिवळं होऊन घट्ट बसतं. मी ओल्या कापडाने पुसते तर ते आणखी पसरतं. मांड्यांच्या आत आणि काखेत तर जटा झाल्यात, हात लावला की केस लागतच नाहीत, नमद्याचा तुकडा चिकटवल्यासारखं लागतं, आणि तो तुकडा हलवला की खालची कातडीपण हलते. त्याला नक्की दुखत असणार, कारण हल्ली मागे हात नेला की पळून कोपऱ्यात बसतो.

गेल्या रविवारी आम्ही त्याला आंघोळ घातली. सगळे म्हणाले घाला, कुत्र्यांना घालतातच की. कोमट पाणी, बेबी शांपू. टबमध्ये धरल्यावर दोन मिनिटं लाथा मारल्या आणि मग एकदम गप्प झाला, डोळे मोठे, श्वास इतका जोरात की पोट वरखाली होताना दिसत होतं. मला वाटलं गेला. टॉवेलात गुंडाळून लेक मांडीवर घेऊन बसली, तीन तासांनी बाहेरून सुका वाटत होता पण बोट आत घातलं तर मुळाशी ओलाच. रात्री साडेअकराला त्याने कोथिंबिरीची एक काडी खाल्ली तेव्हा आम्ही सगळे झोपायला गेलो. आणि एवढं करून गुंता सुटला नाहीच, वाळल्यावर दुप्पट घट्ट झाला.

जवळच्या दवाखान्यात फोन केला तर ते म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. काल शेजारच्यांनी त्यांच्या कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे दिलाय, म्हणाले घाणीवर माश्या बसतात त्या बसणार नाहीत. अजून मारला नाहीये. कात्रीने जटा कापाव्यात असंही मनात आहे.

खाणं सांगते: सकाळी वाटीभर पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य), एक गाजर, दुपारी पालक नाहीतर मेथी, संध्याकाळी कोथिंबीर, आणि घरातली पोळी किंवा बिस्किट, ते तर तो हातातून ओढून घेतो. अंथरायला वर्तमानपत्र. आंघोळ नाही तर मग साफ कसं ठेवायचं? आणि हे चिकट काय आहे, जुलाब आहेत का?

प्रतिसाद १

ताई, आधी तो स्प्रे परत देऊन टाका. बाटलीवर फिप्रोनिल लिहिलेलं असेल तर ते सशाला विष आहे, कुत्र्याला चालतं म्हणून सशाला चालत नाही. याने ससे दगावलेले आहेत.

दुसरं, आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, त्याला मांडीवर घ्या, एकाने पुढून धरा, मागचे पाय खालून हाताने उचलून धरा (लटकू देऊ नका, सशाने हवेत जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो) आणि टॉर्च लावून त्या घाणीच्या आत बघा. मी इंग्लंडमध्ये राहते, माझ्याकडे दोन ससे आहेत आणि इथे उन्हाळ्यात डॉक्टर प्रत्येकाला बजावून सांगतात की दिवसातून दोनदा मागची बाजू बघा. ओली घाण असली की हिरवी-निळी माशी तिथे अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी पांढरी दिसतात, केसांना चिकटलेली. एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी खातात. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे यासाठी अगदी हवी तशी हवा. अळी दिसली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर.

कात्री नको. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि आपल्याला वाटतं केस कापतोय. सशाची कातडी फार पातळ असते, एकदा कापली की टाके. डॉक्टरकडे मशीनने काढून घ्या.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी नाशिकला असतो, आमच्या घरी बरीच वर्षं ससे आहेत, त्यामुळे खाण्याचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न धुण्याचा नाहीच, खाण्याचा आहे.

ते चिकट म्हणजे जुलाब नाहीत बहुतेक. ससा दोन प्रकारची शी करतो. एक सुकी गोल लेंडी, ती आपण बघतो. दुसरी मऊ, काळी, चकचकीत, छोट्या द्राक्षांच्या घडासारखी, ती तो बहुतेक वेळा पहाटे वगैरे थेट मागे तोंड नेऊन खाऊन टाकतो, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. त्याच्या शरीराची व्यवस्थाच तशी आहे, शिसारी येऊ देऊ नका. पण पिष्ट आणि साखर जास्त झाली, म्हणजे पेलेट, पोळी, बिस्किट, गाजर, की ती मऊ लेंडी लिबलिबीत होते आणि जास्तही होते, तो खात नाही, आणि ती केसांत अडकते. लठ्ठ झाला तर तोंड मागे पोचत नाही म्हणूनही राहते. दात दुखत असले तरी तसंच.

सशाच्या पोटात ऐंशी टक्क्यांच्या वर गवत जायला हवं, दिवसभर, संपणार नाही इतकं. सुकं टिमथी गवत ऑनलाइन मिळतं पण महाग आहे, ओटचं सुकं गवतही चालतं. आणि आपल्याकडे फुकटची गोष्ट म्हणजे हरळी, तीच आपली दूर्वा. रस्त्याच्या कडेची नको, कुत्री मुततात आणि फवारणीही असते. धुऊन टॉवेलवर कोरडी करून द्यायची. लसूणघास रोज नको, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि शू खडूच्या पाण्यासारखी घट्ट होते. बदल एका दिवसात करू नका, पोळी-बिस्किट आजपासून बंद, पण पेलेट पंधरा दिवसांत हळूहळू कमी करत दोन चमचे रोज एवढ्यावर आणा.

गवताचं लांब केसाच्या सशाला आणखी एक कारण आहे. तो स्वतःला चाटतो तेव्हा केस पोटात जातात आणि सशाला उलटी करताच येत नाही, मांजर गोळा ओकून टाकतं तसं नाही. गवत असेल तर केस पुढे सरकतात, नसेल तर आतडं मंदावतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर ती इमर्जन्सी समजायची, उद्या बघू म्हणायचं नाही. लेंड्या केसाने माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या की समजायचं पोटात केस जास्त जातायत.

आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक सिरप कुणी द्या म्हटलं तर देऊ नका, अमॉक्सिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे सशाला जीवघेणी ठरतात.

डॉक्टरसाठी, तुम्ही डोंबिवलीला आहात तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारा, किंवा कुणाकडेही जाण्याआधी 'ससे बघता का' हे स्पष्ट विचारून घ्या.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचे खूप खूप आभार. त्याच रात्री टॉर्च लावून बघितलं, अळ्या नव्हत्या, पण कातडी लालभडक झालेली दिसली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात ससे बघणारे डॉक्टर मिळाले, नवरा रजा टाकून आला. आधी पिंजूला तपासून ते म्हणाले ही मादी आहे! विकणाऱ्याने नर सांगितला होता, तर आता ती पिंजू.

डॉक्टरांनी बारीक मशीनने जटा काढल्या, अर्धा तास लागला. मांडीतली जट निघाली ती माझ्या तळहाताएवढी, एका बाजूने केस आणि दुसऱ्या बाजूने चटईसारखी सपाट, तिच्याखाली कातडी शूने भाजल्यासारखी झाली होती. मला ते बघून रडूच आलं, इतके दिवस ही त्यावर बसत होती. मलम दिलंय, सकाळ-संध्याकाळ. दात चांगले आहेत. वजन १ किलो ९०० ग्रॅम, थोडं कमी करा म्हणाले. मागचे, पोटाचे केस बारीकच ठेवा असंही सांगितलं.

आता विचारायचंय ते रोजच्या विंचरण्याचं. ब्रश कुठला आणि कसा? आणि पावडर लावू का?

प्रतिसाद २

टाल्कम पावडर नको, श्वासातून फुप्फुसात जाते. जट सुटत नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर, तेही तोंडापासून लांब, बोटाने चोळून, मग झटकून विंचरून काढायचं. सुकलेली घाणसुद्धा त्याने सुटते. अगदीच भरली तर फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याने, आणि मुळापर्यंत कोरडा केल्याशिवाय सोडायचं नाही.

विंचरायला आधी रुंद दातांचा स्टीलचा कंगवा, मग बारीक. केस मुळाशी दोन बोटांत पकडायचे म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि पुढच्या टोकाकडून सुरुवात. कानामागे, हनुवटीखाली, काखेत, मांडीत, ह्या चार जागा रोज. बाकी अंग एक दिवसाआड. दहा मिनिटांच्या वर नको. उताणं मात्र पाडू नका, व्हिडिओत ससा उताणा पडून शांत दिसतो तो घाबरून थिजलेला असतो.

माझं स्पष्ट मत, घरी पाळायचा असेल तर अंगोराचे केस लांब ठेवायची गरजच नाही. ही जात लोकरीसाठी वाढवलेली, महिन्याला अडीच-तीन सेंटीमीटर केस वाढतात. आपल्याकडे अंगोरा लोकरीसाठी पाळतात ते हिमाचलात, कुलूच्या बाजूला, थंड हवेत, आणि तिथेही साधारण अडीच-तीन महिन्यांनी कातरतात. डोंबिवलीच्या दमटात तो कोट घालून ती कशी राहणार? दर दोन-अडीच महिन्यांनी मशीनने दोन सेंटीमीटरवर आणा. एप्रिल-मेमध्ये तीस डिग्रीच्या वर गेलं की बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा, ती स्वतः टेकून बसते.

वर्तमानपत्र ओलं राहतं. कोपऱ्यात ट्रे, त्यात कागद आणि वर जाडसर सुकं गवत, शू खाली जाते आणि ती वर कोरडी बसते. लाकडाचा भुसा आणि मांजरांची गोळे होणारी माती नको.

प्रतिसाद १

मादी आहे कळलं ते बरं झालं. नसबंदीच्या ऑपरेशनचं डॉक्टरांशी नक्की बोला, ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण खूप असतं. आणि कधी छातीचे केस उपटून घरटं करायला लागली तर घाबरू नका, नर नसतानाही खोटं गरोदरपण येतं, सोळा-सतरा दिवसांत संपतं. ते उपटलेले केस मात्र उचलून टाका.

धागाकर्तीचं उत्तर (साधारण एक महिन्यानंतर)

कुणाला उपयोग होईल म्हणून कळवते. पोळी-बिस्किट त्या दिवशीच बंद केलं, पहिले चार दिवस ती पिंजऱ्याच्या जाळीला दात लावून मागत होती आणि लेक माझ्याशी बोलत नव्हती. पेलेट पंधरा दिवसांत कमी केले. सासरे गणपतीसाठी दूर्वा आणतात ती जागा त्यांना माहीत होती, एका ओळखीच्यांच्या बंगल्याचं आवार, फवारणी नाही. आता ते रोज सकाळी फिरून येताना पिशवीभर आणतात, निवडून, धुऊन जुन्या पंचावर पसरून ठेवतात आणि आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत. गच्चीवर भाजीच्या क्रेटमध्ये माती घालून थोडी लावलीय पण. सुकं गवत ऑनलाइन मागवतो.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून मागची बाजू कोरडी आहे. लेंड्याही बदलल्या, आधी बारीक काळ्या होत्या, आता मोठ्या, फिकट, बोटाने चुरली तर आत नुसता गवताचा भुगा. कातडी भरून आली, त्यावर बारीक नवे केस आलेत, मऊ. मी रोज रात्री जेवणं झाली की टॉवेल घेऊन जमिनीवर बसते, तिला मांडीवर घेते आणि त्या चार जागा करते. मागे हात नेला तरी आता पळत नाही.

फक्त एक विचारायचंय, कानामागे कंगवा फिरवताना ती दात वाजवते. अगदी बारीक आवाज, हात गालाला लावला तर कळतं. दुखतंय का तिला?

प्रतिसाद १

अंग सैल सोडलेलं असेल, डोळे अर्धे मिटलेले असतील आणि आवाज इतका हळू असेल तर तिला आवडतंय. दुखण्याचा आवाज जोरात करकर येतो आणि ससा अंग आखडून, पाठ वर करून बसतो, खात नाही. ही कशी बसते?

धागाकर्तीचं उत्तर

पसरते. हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवून.