प्रत्येक जनुकाला स्वतःचा प्रवर्तक नसेल, तर ट्रिपॅनोसोमा जनुकांवर नियंत्रण कसे ठेवतो?

प्रश्न (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरे वर्ष, सोलापूर)

नमस्कार. मंगळवेढ्याकडील एका पंढरपुरी म्हशीला सर्रा (रक्तातील परजीवीमुळे होणारा जनावरांचा रोग) झाला होता आणि तिच्या रक्ताची गिम्सा या रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी मला गेल्या आठवड्यात पाहायला मिळाली. तांबड्या पेशींच्या मधे नागमोडी पडलेला, एका कडेला पातळ पडदा असलेला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परजीवी मी प्रथमच पाहिला. त्यानंतर वाचन सुरू केले, ते एका ठिकाणी अडले. या कुळात डझनावारी जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनएची नक्कल) एकाच लांब आरएनएमध्ये होते आणि प्रत्येक जनुकाला स्वतःचा प्रवर्तक (प्रतिलेखन जेथून सुरू होते ती डीएनएवरील जागा) नसतो, असे दिसते. मग त्या रांगेतील एका जनुकाचे प्रथिन भरपूर आणि शेजारच्याचे जवळजवळ नाही, हे कसे घडते? जिवाणूंतील लॅक ओपेरॉनसारखेच (एका प्रवर्तकाखालील जनुकांच्या गटासारखेच) हे समजावे का?

उत्तर १ (आरएनए जीवशास्त्रात संशोधन करतो)

ओपेरॉनची उपमा येथे सोडून द्यावी. ओपेरॉनमध्ये एकाच कामाची जनुके एकत्र असतात आणि त्यांचा आरएनए अखंड असतानाच त्याचे भाषांतर होते, म्हणजे त्यावरून प्रथिने बनतात. येथे एकमेकांशी संबंध नसलेली जनुके रांगेत असतात, त्यांचा लांब आरएनए तुकड्या-तुकड्यांत कापला जातो आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ३९ न्यूक्लिओटाइडांचा तोच एक पट्टा जोडला जातो. आपल्याकडे यंत्रमागावर टॉवेलचा लांब तागा विणून नंतर कापतात, तसे हे आहे. माग सर्वांसाठी सारखाच चालतो, म्हणून निवड कापल्यानंतरच व्हायला हवी.

ती निवड आरएनएला चिकटणारी प्रथिने करतात. कापून तयार झालेल्या एमआरएनएच्या, म्हणजे संदेशाच्या, शेपटीकडील, म्हणजे भाषांतर न होणाऱ्या ३′ भागात छोट्या खुणा असतात. त्या ओळखून प्रथिन तेथे बसते आणि मग एक तर शेपटी कुरतडणाऱ्या यंत्रणेला बोलावून संदेश नष्ट करवते, किंवा एमकेटी१सारख्या भागीदार प्रथिनांच्या मदतीने तो टिकवते. उष्णता वाढली की झेडसी३एच११ हे प्रथिन एचएसपी७०सारख्या (उष्णतेपासून बचाव करणाऱ्या प्रथिनांच्या) संदेशांना असेच सांभाळते.

माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आरबीपी१० या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाचे आहे. ट्रिपॅनोसोमा ब्रुसी (त्सेत्से माशीतून पसरणारा आफ्रिकेतील नातलग) सस्तन प्राण्याच्या रक्तात असतानाच हे प्रथिन आढळते. ते यूएयूयूयूयूयूयू ही खूण असलेल्या, त्सेत्से माशीच्या पोटात लागणाऱ्या संदेशांना दाबून ठेवते. माशीतील रूपात ते जबरदस्तीने तयार करवले, तर परजीवी रक्तातील रूपाकडे वळतो. दुसरे उदाहरण आरबीपी६ या प्रथिनाचे आहे. माशीतील रूपात त्याचे प्रमाण वाढवल्यावर संवर्धन-बाटलीतच संसर्गक्षम परजीवी तयार झाले, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. एका प्रथिनाने अवस्था बदलावी, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला होता.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पृष्ठभागावरील व्हीएसजी या प्रथिनाचे प्रतिलेखन आरएनए पॉलिमरेज १ हे विकर करते आणि शेकडो जनुकांपैकी एका वेळी एकच चालू असते. तेथे प्रतिलेखनाच्या पातळीवरही निवड होते. तरीही त्याचा संदेश टिकण्यासाठी सीएफबी२ हे प्रथिन लागतेच.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार, सर. पण चिकटलेल्या प्रथिनामुळेच संदेश टिकला किंवा नष्ट झाला, हे सिद्ध कसे करतात? आणि मलेरियाच्या परजीवीतही असेच असते का?

उत्तर १

एखाद्या सहज मोजता येणाऱ्या जनुकाच्या ३′ भागात बॉक्सबी ही विषाणूकडून घेतलेली खूण घालतात आणि तपासायच्या प्रथिनाला ती खूण पकडणारा लॅम्डा-एन हा छोटा तुकडा जोडतात. त्यामुळे ते प्रथिन त्या संदेशावर हमखास बसते. मग संदेश वाढला की घटला, एवढेच मोजायचे.

प्लास्मोडियममध्ये, म्हणजे मलेरियाच्या परजीवीत, जनुकांना स्वतःचे प्रवर्तक असतात, पण मादी गॅमेटोसाइट (डासात जाणारी लैंगिक पेशी) पी२५ आणि पी२८ या प्रथिनांचे संदेश आधीच तयार करून डोझी या प्रथिनाच्या ताब्यात ठेवते. डासाने रक्त ओढून घेतल्यानंतरच त्यांचे भाषांतर सुरू होते. हे २००६ मध्ये प्लास्मोडियम बर्घेईत दाखवले गेले.

उत्तर २ (पशुवैद्यक, पंढरपूर तालुका)

आपण काचपट्टीपासून सुरुवात केली, म्हणून एक सूचना करतो. आपल्याकडील इव्हान्सी गोमाशीच्या सोंडेवरून थेट एका जनावरातून दुसऱ्यात जातो. त्याच्या मायटोकॉन्ड्रियामधील डीएनएचा मोठा भाग गेलेला असल्यामुळे तो माशीतील रूप घेऊच शकत नाही. त्यामुळे अवस्था-बदलाचा प्रयोग त्याच्यावर होणार नाही. मात्र आरबीपी१०चा क्रम ब्रुसीशी ताडून पाहणे आपल्याला संगणकावर सहज जमेल. आरएनएच हवा असेल, तर रंगवलेल्या पट्टीचा उपयोग नाही. गोठ्यातच, रक्त काढल्या क्षणी, आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात नमुना मिसळावा. कित्येक संदेशांचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या प्रयोगशाळेत नळी पोहोचेपर्यंत परजीवीने नळीतील बदललेल्या तापमानाला अनुसरून आपले संदेश केव्हाच बदललेले असतील आणि आपण म्हशीच्या रक्तातले नव्हे, तर नळीतले चित्र मोजाल.