पॉइंटप्रमाणे पैसे दिले तर काय होतं

नागरी आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना कामगिरीनुसार जादा पैसे द्यावेत, अशी एक सूचना आहे. ब्रिटनने २००४ मध्ये नेमकं हेच केलं: रक्तदाब, मधुमेह, दमा अशा आजारांचे निकष ठरवले, प्रत्येकाला पॉइंट आणि पॉइंटमागे पैसे. मधुमेह आणि दम्याच्या रुग्णांची देखभाल आधीपासून सुधारत होतीच, ती थोडी वेगाने सुधारली. पण लवकरच तो वेग मंदावला. ज्या गोष्टींना पैसे नव्हते त्या मागे पडल्या, आणि रुग्णाला दरवेळी तोच डॉक्टर भेटणं कमी झालं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धत बंदच केली.

मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. बोलावूनही न येणाऱ्या रुग्णाला तिथे हिशेबातून वगळता येत असे. आता आमच्या कोपरखैरणेतला माथाडी कामगार डोळ्यांपुढे आणा. पहाटे एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, ओझी उचलायची, सणावाराला साताऱ्याकडे गावी जायचं, बीपीची गोळी संपली तरी दवाखान्याची वेळ जमत नाही. आकडे चांगले दिसावेत म्हणून आधी गळेल तो हाच. आणि खरी गरज त्यालाच आहे!

कट प्रॅक्टिसविरोधी (रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेण्याविरोधी) कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ मध्येच झाला होता, तो आधी मार्गी लावा. डॉक्टरांना कायम नेमणूक, पुरेसा पगार आणि संध्याकाळची ओपीडी द्या. जादा पैसे द्यायचेच असतील, तर सुटलेल्या रुग्णाला घरी जाऊन परत आणणाऱ्या आशाताईंना द्या.