मान हलवली तरी अक्षरं वाचता येतात, पान हलवलं की पुसट होतात. असं का?

डोळस

नमस्कार. प्रयोग अगदी साधा आहे. छापील पान हातभर अंतरावर धरून सेकंदाला दोन फेऱ्या या वेगाने डावीउजवीकडे हलवलं तर एक शब्द धड वाचता येत नाही. मग पान स्थिर ठेवून मान तेवढ्याच वेगाने 'नाही, नाही' अशी हलवली तर मजकूर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. डोळ्यांसमोरून पान सरकण्याचा वेग दोन्ही वेळा जवळपास सारखाच. मग मेंदूला एकदा जमतं आणि एकदा नाही, हे कसं?

दुसरी शंका: जास्त नंबरचा नवा चष्मा लागला की सुरुवातीचे काही दिवस मान वळवताना समोरचं सगळं तरंगल्यासारखं वाटतं. याचा वरच्या प्रयोगाशी काही संबंध आहे का?

शंखनलिका

संबंध आहे, आणि थेट आहे. पान हलतं तेव्हा 'किती सरकलं' ही खबर डोळ्यांतूनच यावी लागते. मान हलते तेव्हा तीच खबर कानातून येते, आणि कानाचा रस्ता कितीतरी जवळचा आहे.

दृष्टिपटलावर प्रतिमा सरकली, ते मेंदूच्या मागच्या भागात कळलं, तिथून हुकूम निघून डोळा हलला, या सगळ्याला साधारण १०० मिलिसेकंद जातात. कानातून निघालेला संदेश १० मिलिसेकंदांच्या आतबाहेर डोळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचतो. मान झटक्यात वळवली तर सेकंदाला २०० अंशांचा वेग सहज येतो. म्हणजे १०० मिलिसेकंदांत डोकं २० अंश फिरून गेलेलं असतं. बारीक अक्षरं वाचणारा दृष्टिपटलाचा मधला भाग जेमतेम एकदोन अंशांचा, आणि प्रतिमा सेकंदाला चारपाच अंशांहून जास्त वेगाने सरकायला लागली की अक्षरांच्या कडा पुसायला लागतात. नजरेच्या भरवशावर राहिलो असतो तर चालता चालता पाटी वाचणंही अशक्य झालं असतं.

आता आतली जोडणी. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतली आडवी इथे महत्त्वाची. डोकं डावीकडे वळलं की नलिका डोक्याबरोबर फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि जेलीसारख्या पडद्याला वाकवतो. पडद्यात रुतलेल्या केसपेशी त्यामुळे कलतात. डाव्या नलिकेतल्या केसपेशी उत्तेजित होतात, उजवीकडच्या शांत होतात. डाव्या कानाचा संदेश आठव्या नसेतून (कानाची नस) मेंदूच्या देठात येतो, तिथून उजवीकडच्या सहाव्या नसेच्या (डोळा बाहेर वळवणारी) केंद्राकडे जातो आणि उजवा डोळा उजवीकडे ओढला जातो. त्याच केंद्रातून एक धागा पुन्हा बाजू बदलून तिसऱ्या नसेच्या (डोळा नाकाकडे वळवणारी) केंद्राला सांगतो, की डावा डोळाही उजवीकडे वळव. मधल्या वाटेवर फक्त तीन चेतापेशींची साखळी. वेग येतो तो यातूनच.

डोळे मिटूनही हे तपासता येतं. पापण्यांवर बोटांची टोकं अगदी हलकी टेकवा (दाबू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढा) आणि मान वळवा. पापणीखालचा बुबुळाचा उंचवटा उलट दिशेला सरकताना जाणवतो. पाहायला काहीच नसतं, तरी डोळा आपलं काम करतो.

तिसरी_नस

वरचं विवेचन उत्तम आहे. एक भर घालतो: मान १० अंश वळली तर डोळा उलट १० अंश वळतो, हे फक्त लांबच्या वस्तूसाठी खरं. डोकं फिरतं मानेच्या आसाभोवती, आणि डोळे त्या आसाच्या सुमारे १० सेंटिमीटर पुढे असतात. त्यामुळे मान वळली की डोळे बाजूलाही सरकतात. पान ४० सेंटिमीटरवर असेल तर डोळ्याला मानेच्या साधारण सव्वापट वळावं लागतं. वस्तू किती जवळ आहे, हे दोन्ही डोळे आत किती वळलेत यावरून मेंदूला कळतं आणि तो हे प्रमाण त्या क्षणी वाढवतो.

चष्म्याचं उत्तर यातच आहे. -५ नंबरची काच सगळं थोडं लहान दाखवते, म्हणून मान वळताना प्रतिमा स्थिर ठेवायला डोळ्याला आधीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास कमी वळावं लागतं. पण जुन्या सवयीने तो पूर्ण वळतो. उरलेली तफावत म्हणजे ते तरंगणं. अधिक (+) नंबरच्या काचेला उलटं, डोळा कमी पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, म्हणून तिथे हा त्रास जवळजवळ नसतो.

ही तफावत मिटवतो लहान मेंदू, त्यातही त्याचा फ्लॉक्युलस नावाचा छोटासा भाग. मान वळताना प्रतिमा सरकली की 'चूक झाली' असा संदेश तिथे पोचतो आणि प्रमाण हळूहळू दुरुस्त होतं. म्हणूनच नवा चष्मा पहिल्या दिवसापासून सलग वापरावा. दोन तास घालून काढून ठेवला तर मेंदूला धड एकही हिशोब पक्का करता येत नाही.

डोळस

दोघांचेही आभार. मग ही यंत्रणा बिघडली तर नक्की काय होतं? फक्त चक्कर येते का?

शंखनलिका

एक बाजू बिघडली की दोन्ही बाजू, यावर सगळं अवलंबून आहे.

दोन्ही कानांची यंत्रणा हळूहळू गेली, उदाहरणार्थ जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकांमुळे, तर गरगरणारी चक्कर बहुधा येतच नाही, कारण दोन बाजूंत फरकच उरत नाही. त्रास होतो तो चालताना: पावलागणिक समोरचं दृश्य उड्या मारतं. स्ट्रेप्टोमायसिनमुळे हे ओढवलेल्या एका डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःची अवस्था लिहून ठेवली आहे. वाचताना त्याला पलंगाच्या डोक्याकडच्या लोखंडी गजांना डोकं टेकवून घट्ट धरावं लागे, कारण नाडीच्या ठोक्याने डोकं हलायचं तेवढ्यानेही पानावरची अक्षरं नाचायची. ही यंत्रणा दिवसभर न बोलता काय करते, हे यावरून कळावं.

एकच बाजू अचानक गेली तर मात्र भयंकर गरगरतं. नलिकेचे चेतातंतू स्थिर बसल्यावरही गप्प नसतात. माकडांवरच्या मोजमापांत ते सेकंदाला ९० च्या आसपास ठोके देत राहतात. डोकं वळलं की एका बाजूला ते वाढतात, दुसऱ्या बाजूला घटतात, आणि मेंदू दोन्हींतला फरक वाचतो. उजवी बाजू शून्यावर आली आणि डावी ९० वर राहिली, तर मेंदूला वाटतं डोकं डावीकडे फिरतंय.

हेच तत्त्व वापरून डॉक्टर मानेचा झटका देऊन तपासतात. रुग्णाने डॉक्टरच्या नाकावर नजर रोखायची, डॉक्टर त्याचं डोकं १० ते २० अंश, पण एकदम झटक्यात वळवतो, दिशा आधी न सांगता. बिघडलेल्या बाजूला वळवलं तर डोळे डोक्याबरोबर फरपटत जातात आणि मग एका उडीत नाकावर परततात. ती उडी म्हणजे दोषाची खूण. चांगल्या कानाने दोन्ही दिशा का सांभाळू नयेत? तो वाढताना ९० वरून ३०० वर जाऊ शकतो, पण घटताना शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. सावकाश वळवलं तर तेवढं पुरतं, वर नजरही मदतीला येते आणि दोष लपतो. म्हणून झटकाच हवा. मानेचं दुखणं असेल तर हे करायचं नाही, आणि घरी तर कुणीच करू नये.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. चक्कर तासन्‌तास सतत चालू आहे, बुबुळं आपोआप एका बाजूला झटके घेताहेत, आणि तरी ही चाचणी अगदी नॉर्मल येते, तर निश्चिंत व्हायचं नाही. कान ठीक, मग बिघाड मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत असू शकतो, म्हणजे पक्षाघाताची शंका. अशा वेळी लगेच रुग्णालय.

तिसरी_नस

कूस बदलली की मिनिटभराच्या आत ओसरणारी गिरकी येते, ती वेगळी. त्यात कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत, बहुतेकदा मागच्या नलिकेत, शिरलेले असतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते बाहेर काढतात. त्याला गोळ्यांचा उपयोग नाही.

कायमची कमतरता राहिली तर व्यायाम आहे. हातभर अंतरावर कार्डावर एक अक्षर धरायचं, नजर त्यावर, आणि मान डावीउजवीकडे हलवायची, एकेका मिनिटाचे फेरे, दिवसातून किमान ३ वेळा, मिळून किमान २० मिनिटं. वेग निवडण्यातच लोक चुकतात. अक्षर स्वच्छ दिसेल इतकं सावकाश हलवलं तर लहान मेंदूला चूक दिसतच नाही, मग तो दुरुस्त काय करणार? अक्षर पार विरून जाईल इतक्या वेगाने हलवलं तरी उपयोग नाही. अक्षराची कड किंचित थरथरते, पण अक्षर ओळखता येतं, तो वेग बरोबर. दर आठवड्याला तो थोडा वाढवत न्यायचा.